लेमेअर चॅनेल: नकाशावरचं एक नाव कसं तपासायचं?

लिटरेचर रिव्ह्यू करताना नावं आणि तारखा आपण पटापट उतरवून घेतो. त्या तपासायच्या कशा, हे अंटार्क्टिकातल्या एका छोट्या सामुद्रधुनीवरून बघूया.

आधी भूगोल

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, साधारण ६५° दक्षिण अक्षांशावर, मुख्य भूमी आणि बूथ बेट यांच्यामध्ये लेमेअर चॅनेल आहे. लांबी साधारण ११ किमी. काही ठिकाणी रुंदी एक किमीपेक्षाही कमी. दोन्ही बाजूंच्या उंच कड्यांमुळे पाणी बऱ्याचदा शांत असतं, म्हणून जहाजं इथून जातात. पण हिमनग अडकले की वाट बंद! मग मागे फिरून बूथ बेटाला बाहेरून वळसा घालावा लागतो.

नाव कुणाचं?

१८७३-७४ मध्ये डालमन यांच्या जर्मन मोहिमेला ही सामुद्रधुनी दिसली. तिच्यातून आरपार पहिल्यांदा गेलं ते आद्रियां द जेर्लाश यांचं ‘बेल्जिका’ जहाज. त्यांनी नाव दिलं शार्ल लेमेअर यांचं. हे बेल्जियन शोधप्रवासी, पण त्यांचं काम आफ्रिकेतल्या काँगोत. आणि काँगो तेव्हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या ताब्यात होता. म्हणजे हे नाव जागेपेक्षा नाव देणाऱ्यांच्या काळाबद्दल जास्त सांगतं.

तारीख जुळते का?

‘बेल्जिका’ इथून डिसेंबर १८९८ मध्ये गेलं, असं काही ठिकाणी छापलेलं दिसेल. जरा थांबा. हे जहाज मार्च १८९८ पासून मार्च १८९९ पर्यंत बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या बर्फात अडकून पडलं होतं. मग डिसेंबरमध्ये ते चॅनेलमध्ये कसं असेल? प्रवास झाला फेब्रुवारी १८९८ मध्ये, बर्फात अडकण्याआधी. एक चुकीचा महिना एकाकडून दुसऱ्याकडे कॉपी होत राहतो. तो पकडायला मोठं ज्ञान लागत नाही, मोहिमेचा पूर्ण क्रम समोर ठेवला की पुरतं.

जुनी नावंही शोधा

शेजारच्या बूथ बेटाला जेर्लाश यांनी ‘वांडेल’ म्हटलं. १९०४ चा हिवाळा तिथे काढणाऱ्या फ्रेंच शार्को यांच्या लिखाणातही तेच नाव आहे. तुम्ही फक्त ‘बूथ’ शोधलंत, तर त्या मोहिमेच्या नोंदी हातातून निसटतील.

म्हणून नोट्समध्ये प्रत्येक ठिकाणापुढे तीन गोष्टी लिहा: नाव कुणी दिलं, कधी दिलं, आधीचं किंवा दुसरं नाव काय. तुमचा विषय ध्रुवीय नसला तरी हीच सवय उपयोगी पडेल.