विजेचा तंबोरा बेसूर झाला तर?

ज्या घरांत पहांटे कोणी तरी गातें, त्या घरास घड्याळाची फारशी गरज पडत नाहीं. धुळ्यास आमच्या आत्याबाईंच्या घरीं हा क्रम कित्येक वर्षें चालत आला आहे. साडेपांचाच्या सुमारास त्यांच्या खोलींतून षड्जपंचमाचा झंकार ऐकूं आला, कीं सुना दूध तापत ठेवितात आणि मुलें एकवार कूस बदलून पुन्हां निजतात. हा तंबोरा लांकडी नव्हे. मोठ्या शब्दकोशाएवढ्या पेटींत मावणारा, बटणें पिळून जुळविण्याचा, ३५ वर्षांपूर्वीं घेतलेला विजेचा तंबोरा.

गेल्या वैशाखांत तो बिघडला. सुरामागें घूंघूं असा आवाज येऊं लागला, बटण पिळतांना खरखर होई, आणि गातां गातां पट्टी उतरे. एका दुकानदारानें पेटी न उघडतांच, “याचे भाग आतां मिळत नाहींत, टाकून द्या,” असा निकाल दिला. नातवानें आजीच्या सोयीसाठीं मोबाइलांत तंबोरा घालून दिला. आत्याबाई दोन दिवस त्याबरोबर गाइल्या. तिसऱ्या दिवसापासून खोली मुकी झाली. आम्ही भेटीस गेलों तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, “अरे, कांच हाताला कळत नाहीं. खुंटी कळते.” त्यांची दृष्टि आतां अधू आहे, परंतु पेटीवरचीं बटणें बोटांस पाठ होतीं. आम्हीं ती पेटी पिशवींत घातली आणि पारोळें-एरंडोलच्या वाटेनें जळगांवीं आणिली.

आम्ही विजेचे कारागीर नव्हों. आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांचा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यांत गेला. त्यांच्याजवळ बसून जें शिकलों, तें येथें देत आहों. कारण अशी एखादी पेटी वाचकांपैकीं पुष्कळांच्या कपाटांत पडून असेल.

प्रथम हें यंत्र चालतें कसें तें पाहूं. लांकडी तंबोऱ्यांत तार कंप पावते. येथें विजेचा प्रवाह कंप पावतो. कंडेन्सर नांवाचा भाग वीज सांठवितो आणि सोडितो. ही भरती-ओहोटी किती वेगानें व्हावी, तें रेझिस्टन्स नांवाचा दुसरा भाग ठरवितो. सेकंदास सुमारें २०८ कंपनें झालीं कीं काळी चारचा षड्ज उमटतो. बटण पिळणें म्हणजे हा रेझिस्टन्स कमी-अधिक करणें; खुंटी पिळण्यासारखेंच तें आहे. इ. स. १९७९ च्या सुमारास बंगळूरचे अभियंते जी. राज नारायण यांनीं असा तंबोरा सिद्ध केला, आणि तेव्हांपासून घरोघर त्याचा प्रसार झाला. अलीकडील बहुतेक पेट्यांत खऱ्या तंबोऱ्याचा आवाज सांठवून ठेवलेला असतो. त्यांची गोष्ट निराळी.

विजेनें स्वर निर्माण करणाऱ्या वाद्यांचें कुळ मोठें आहे. ‘नागिन’ बोलपटांत (१९५४) पुंगीचा जो आवाज घरोघर गाजला, तो कल्याणजींनीं क्लॅव्हिओलीन या विजेच्या वाद्यावर काढलेला होता. अमेरिकेंत रॉबर्ट मूग यांनीं इ. स. १९६४ मध्यें आपलें सिंथेसायझर यंत्र पुढें आणिलें, आणि १९६९ मध्यें डेव्हिड ट्यूडर यांनीं तसलें एक यंत्र अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत मांडून दिलें. सन १९७० च्या प्रसिद्ध मिनीमूग यंत्राचे स्वरहि उष्णतेनें ढळत, आणि वादकांस ते पुन्हां जुळवावे लागत. तेव्हां आत्याबाईंच्या पेटीचा दोष हा तिच्या कुळाचाच दोष होता.

आमच्या शेजाऱ्यांनीं पेचकस हातीं घेण्यापूर्वीं पेटी नुसती पाऊण तास ऐकली. “ही वाद्यें आपलें दुखणें आपल्याच तोंडानें सांगतात,” असें ते म्हणाले. त्यांच्या निदानाचा क्रम असा होता.

घूंघूं आवाज येत असल्यास पेटी आधीं अॅडॉप्टरवर आणि मग सेलवर लावून पाहावी. सेलवर आवाज थांबला, तर दोष स्वर काढणाऱ्या भागांत नसून वीज पुरविणाऱ्या भागांत आहे. घरची वीज सेकंदास ५० वेळां पालटते. तिचे हेलकावे मोठ्या कंडेन्सरनें शमवावयाचे असतात. त्याच्या पोटांतील द्रव सुकला कीं ते हेलकावे आवाजांत उतरतात. उष्णता दर १० अंशांनीं वाढली कीं अशा कंडेन्सरचें आयुष्य सुमारें निम्म्यावर येतें, असा ठोकताळा आहे. वैशाखांत जेथें पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्या आमच्या खानदेशांत हा भाग लवकर कां सुकतो, तें निराळें सांगावयास नको.

पेटी सेलवर मुळींच बोलत नसेल, तर सेलचा कप्पा पाहावा. अल्कलाइन सेल पाझरून पट्ट्यांवर पांढरा थर धरतो. कापसावर लिंबाचा रस घेऊन तो पुसावा, मग ओलसर फडकें फिरवून पट्ट्या पूर्ण वाळवाव्या. यंत्र महिनाभर वापरावयाचें नसल्यास सेल काढूनच ठेवावे.

बटणाची खरखर बहुधा धुळीची असते. वीज काढून तें बटण वीस-तीस वेळां या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरवावें. पुष्कळदां एवढ्यानेंच भागतें. न भागल्यास दुकानांत मिळणारा विजेचे सांधे साफ करण्याचा फवारा वापरावा. शिवणयंत्राचें तेल मात्र कदापि घालूं नये. त्यावर धूळ बसते आणि खरखर दुणावते.

स्वर मध्येंच तुटत असेल तर लांकडी पेन्सिलीच्या टोंकानें आंतील भागांवर हळूच टिचकी मारावी. ज्या ठिकाणीं टिचकी मारतांच स्वर जातो किंवा येतो, तेथला डाख सुटलेला असतो. तो पुन्हां द्यावा.

राहिली उतरणारी पट्टी. तिच्यासाठीं बाजाची पेटी घ्यावी, काळी चार धरावी आणि दोन्ही स्वर एकत्र ऐकावे. स्वरांत लाटा उठतील त्या मोजाव्या. सेकंदास दोन लाटा म्हणजे दोन कंपनांचा फरक. या षड्जापाशीं तो प्रमाणश्रुतीहून किंचित् कमी भरतो. यंत्र सुरू करून पंधरा मिनिटें तसेंच चालूं द्यावें आणि मग जुळवावें. उन्हाच्या भिंतीस किंवा तापलेल्या अॅडॉप्टरला तें टेंकून ठेवूं नये.

एक इशारा येथेंच दिला पाहिजे. सेलवर चालत असतांना पेटी उघडून पाहण्यास हरकत नाहीं. परंतु ज्या पेटींत घरच्या विजेची तार थेट शिरते, ती जाणत्यासच दाखवावी. दोर काढल्यावरहि तींत वीज सांठून राहते.

आत्याबाईंच्या पेटींत दोन कंडेन्सर सुकलेले निघाले आणि एक डाख सुटलेला होता. नवे कंडेन्सर जळगांवच्या बाजारांतच, एक वेळच्या भाजीच्या खर्चांत मिळाले. ते जुन्याच्याच क्षमतेचे, पूर्वीच्याच दिशेनें बसविलेले असले म्हणजे झालें. कांहीं विशेष चकत्या आज दुर्मिळ आहेत हें खरें. परंतु बहुतेक दुखण्यांत त्यांचा दोष नसतो. ‘भाग मिळत नाहींत’ या उत्तराचा अर्थ पुष्कळदां ‘पाहावयास वेळ नाहीं’ एवढाच असतो.

इतिहासाचार्य राजवाडे यांचें देहावसान इ. स. १९२६ मध्यें धुळ्यास झालें, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें उभें राहिलें. माळ्यावर कुजणाऱ्या दप्तरांचें मोल ज्या गांवानें ओळखिलें, आणि बालगंधर्वांनीं ज्या जळगांवीं मेहबूबखां यांजपाशीं स्वरांचे पहिले धडे घेतले, त्या प्रांतांतील घरांनीं जुनें वाद्य न ऐकतांच टाकून द्यावें, हें शोभत नाहीं. नवें यंत्र घेण्यास आमचा विरोध नाहीं. फक्त जुन्याच्या आधारानें घरांत कोण गात होतें, एवढें टाकण्यापूर्वीं विचारावें.

ज्येष्ठांत आम्हीं पेटी धुळ्यास पोंचती केली. आत्याबाईंनीं आधीं सगळीं बटणें चाचपलीं, मग पंधरा मिनिटें थांबून ती जुळविली. “अजून थोडी उतरते ती,” आम्हीं कबूल केलें. त्या म्हणाल्या, “मीहि उतरतें. दोघी मिळून चढूं.”

दुसऱ्या दिवशीं त्या घरीं दूध वेळेवर तापलें.