उत्तर मिळाले, पण निर्णयाआधी की नंतर?

संसदेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी परराष्ट्र धोरणावरील प्रश्नांचे भाग्य काही वेगळेच असते. धान्याचा साठा किंवा रेल्वेचे अपघात यांविषयी विचारले तर मंत्र्याला आकडा द्यावा लागतो, आणि आकडा चुकीचा असेल तर तो पकडता येतो. परराष्ट्र व्यवहाराविषयी विचारले की, ‘राष्ट्रहिताच्या दृष्टीने अधिक सांगणे उचित होणार नाही’ एवढ्यावर बहुधा सभासदांची बोळवण होते. या उत्तरात मुळीच तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. वाटाघाटीस बसलेल्याने आपण शेवटी कोठवर माघार घेऊ हे चव्हाट्यावर सांगावे, अशी अपेक्षा कोणी शहाणा माणूस करणार नाही. परंतु गुप्तता आणि जबाबदारी यांची सांगड घालावयाची कशी, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. युरोपातील दोन देशांचा अनुभव पाहिला तर असे दिसते की, सरकारने किती सांगावे यापेक्षा केव्हा सांगावे हाच खरा कळीचा मुद्दा आहे.

शब्दशः खरे, प्रत्यक्षात फसवे

ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. १९०६ साली परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांनी ब्रिटिश व फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यांमधील बोलण्यांना संमती दिली. जर्मनीशी युद्ध झालेच तर ब्रिटनने फ्रान्सला कशी मदत करावी याची ती आखणी होती. १९११ पर्यंत संपूर्ण मंत्रिमंडळालाही तिची कल्पना नव्हती, मग पार्लमेंटची गोष्टच दूर. तरीही कुणकुण लागलीच. कॉमन्स सभागृहात प्रश्न आले, आणि २४ मार्च १९१३ रोजी पंतप्रधान ॲस्क्विथ यांनी उत्तर दिले की, देशाला युद्धात भाग घेण्यास भाग पाडील असे, पार्लमेंटला अज्ञात असलेले कोणतेही बंधन ब्रिटनवर नाही. ११ जून १९१४ रोजी रशियाशी होऊ घातलेल्या नाविक बोलण्यांविषयी विचारले गेले, तेव्हा ग्रे यांनी याच उत्तराचा आधार घेतला.

हे उत्तर शब्दशः खरे होते. लढलेच पाहिजे असे बांधून घेणारा करार झालेला नव्हता. परंतु नोव्हेंबर १९१२ मध्ये ग्रे आणि फ्रेंच राजदूत काँबाँ यांच्यात पत्रांची देवघेव झाली होती, आणि फ्रान्सने आपले आरमार मुख्यतः भूमध्य समुद्रात एकवटले होते. फ्रान्सचा उत्तर किनारा उघडा होता. ३ ऑगस्ट १९१४ रोजी ग्रे यांनी ते पत्र सभागृहात वाचून दाखविले, तेव्हा कोठे सभासदांना हे कळले. दुसऱ्या दिवशी ब्रिटन युद्धात उतरले. निर्णय घेण्यास सभागृह कागदोपत्री मोकळे होते, पण मोकळेपणाने विचार करावयाची वेळ निघून गेली होती. पुढे १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत ग्रे यांनीच मान्य केले की, ते उत्तर खरे असले तरी विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते.

सुएझच्या प्रकरणात तर हा शब्दच्छलही उरला नाही. पॅरिसजवळच्या सेव्हर येथे २४ ऑक्टोबर १९५६ रोजी ब्रिटन, फ्रान्स व इस्राएल यांच्यात गुप्त समझोता झाला. पाच दिवसांनी इस्राएलने इजिप्तवर चाल केली. या हल्ल्याची आपल्याला आधी कल्पना नव्हती, असे पंतप्रधान ईडन यांनी २० डिसेंबर रोजी कॉमन्स सभागृहात सांगितले. जानेवारी १९५७ मध्ये ते पायउतार झाले, परंतु सत्य पुरतेपणी बाहेर यावयास आणखी कितीतरी वर्षे जावी लागली. ग्रे यांचे अर्धसत्य आणि ईडन यांचे असत्य यांत नैतिकदृष्ट्या अंतर आहे. पार्लमेंटच्या दृष्टीने मात्र परिणाम एकच. काय ठरवावयाचे ते आधीच ठरून गेले होते, आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती केवळ शवचिकित्सा उरली होती.

डेन्मार्कचा उपाय

डेन्मार्क १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय समुदायात दाखल झाला. शेतीमालाच्या भावापासून मासेमारीच्या हक्कापर्यंतचे निर्णय यापुढे ब्रुसेल्सला होणार, आणि तेथे देशाच्या वतीने बोलणार एकटा मंत्री. मग निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी काय करावयाचे? डॅनिश संसदेने त्याच वर्षी एक साधी व्यवस्था रूढ केली. ब्रुसेल्सला जाण्यापूर्वी मंत्र्याने संसदेच्या सतरा सभासदांच्या समितीपुढे यावे, आपण कोणती भूमिका घेणार आहोत ते तोंडी सांगावे आणि प्रश्नांना उत्तरे द्यावीत. १७९ जणांच्या सभागृहात ज्यांचे बहुमत होईल असे पक्ष विरोधात गेले नाहीत, तर मंत्र्याला संमती मिळाली असे समजावयाचे. समितीची दारे अनेक वर्षे बंद असत, त्यामुळे गुप्ततेची सबबही उरली नाही. उत्तर गुप्त राहिले तरी चालेल, पण ते निर्णयाआधी मिळाले पाहिजे, हे या व्यवस्थेचे मर्म होय.

या पद्धतीची किंमतही डेन्मार्कने मोजली आहे. तेथे अल्पमतातील सरकारे हा नित्याचाच प्रकार. १९८२ ते १९८८ या काळात संसदेतील बहुमताने सरकारला ‘नाटो’च्या क्षेपणास्त्रविषयक निवेदनांना वारंवार असहमतीची तळटीप जोडावयास लावली, आणि मित्रराष्ट्रांनी नाके मुरडली. जानेवारी १९८६ मध्ये संसदेने युरोपीय एकीकरणाचा नवा करार ८० विरुद्ध ७५ मतांनी फेटाळला. सरकारने जनतेचा कौल घेतला, आणि फेब्रुवारीत सुमारे ५६ टक्के मतदारांनी करारास मान्यता दिली. हे सारे संथ, कटकटीचे आणि मंत्र्यांना अवघडून टाकणारे होते, यात शंका नाही. परंतु आपल्या नावावर काय केले जात आहे हे डॅनिश नागरिकाला युद्ध सुरू झाल्यावर कळले नाही.

आपल्याकडे काय?

आपल्या लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास ब्रिटिश परंपरेतून आलेला. मधु लिमये यांच्यासारख्या अभ्यासू सभासदाने पुरवणी प्रश्नाला केवढी धार आणता येते हे दाखवून दिले होते. परंतु ती धारही बहुधा झालेल्या निर्णयावरच चालते. आंतरराष्ट्रीय करार करणे हा विषय घटनेच्या केंद्रसूचीत चौदाव्या क्रमांकावर आहे, म्हणजे त्याविषयी कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे. करार कसे करावेत आणि संसदेची संमती केव्हा घ्यावी हे ठरविणारा असा कायदा मात्र संसदेने केलेला नाही. घटनेच्या कार्याचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ साली त्याची शिफारस केली होती.

युरोपशी संबंधित ताजे उदाहरण बोलके आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिश्टेनस्टाइन या चार देशांच्या संघटनेशी भारताने १० मार्च २०२४ रोजी व्यापार करार केला, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तो अमलात आला. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे यांनी तो आपापल्या संसदेपुढे मंजुरीसाठी ठेवला. आपल्याकडे मंत्रिमंडळाची मान्यता पुरेशी ठरली. करार चांगला की वाईट हा येथे मुद्दा नाही. एकाच करारावर नॉर्वेच्या प्रतिनिधीला मत देता यावे, आणि एकशे चाळीस कोटींच्या प्रतिनिधींना केवळ प्रश्न विचारता यावा, ही विषमता आपण का सोसावी, हा मुद्दा आहे.

यासाठी घटना बदलावयास नको. संसदीय समितीपुढे, हवे तर बंद दाराआड, मंत्र्याने वाटाघाटीस निघण्यापूर्वी यावे आणि सही करण्यापूर्वी पुन्हा यावे, एवढा नियम पुरेल. मंत्र्यांना ते जाचक वाटेल. पण १९१३ साली कॉमन्स सभागृहाला असा अधिकार असता, तर ग्रे यांना आपली बाजू आधीच मांडून मान्यता मिळविता आली असती, आणि बारा वर्षांनी आठवणींत खुलासा करीत बसण्याची पाळी त्यांच्यावर आली नसती. निर्णयानंतर दिलेले उत्तर फार तर इतिहासाच्या उपयोगी पडते. लोकशाहीच्या उपयोगी पडते ते त्याआधी दिलेले उत्तर.