हॉकीचा सामना पाहावयास जाताना

महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत हॉकी हा खेळ पाहण्यापेक्षा ऐकण्याचाच अधिक. १९७५ साली क्वालालंपूर येथे भारताने पाकिस्तानचा २–१ असा पराभव करून विश्वचषक जिंकला. त्या सामन्यातील अशोककुमारचा निर्णायक गोल असंख्य लोकांनी जसदेव सिंग यांच्या आवाजातूनच ‘पाहिला’. पुढे दूरचित्रवाणी आली आणि खेळ डोळ्यांना दिसू लागला. तथापि पडद्यावर दिसते ते चेंडूभोवतालचे लहानसे वर्तुळ. चेंडूपासून दूर उभा असलेला बचावपटू कोणती वाट अडवून आहे, आघाडीचा खेळाडू कोणत्या मोकळ्या जागेकडे हळूच सरकत आहे, हे मैदानात बसल्यावाचून कळत नाही. म्हणूनच आपल्या संघाचा सामना एकदा तरी प्रत्यक्ष पाहावा, अशी इच्छा हॉकीवेड्या माणसाच्या मनात घर करून असते. ही इच्छा आणि मैदान यांच्यामध्ये जो लांबलचक रस्ता असतो, त्याची आखणी कशी करावी, हा प्रस्तुत विषय होय.

उदाहरणादाखल नागपूरचे एक कुटुंब घ्यावे. भारतीय संघाचा सामना राउरकेला येथे आहे आणि घरच्या मोटारीने तेथवर जावयाचे आहे, असे समजावे. राउरकेलाच का, असा प्रश्न कोणी करील. ओडिशातील हे पोलादाचे शहर सुंदरगढ जिल्ह्यात वसलेले आहे, आणि हा जिल्हा म्हणजे भारतीय हॉकीचे माहेरघर. येथील आदिवासी पाड्यांत बांबूच्या काठ्या घेऊन मुले खेळत आली. गावोगावच्या स्पर्धांत जिंकणाऱ्या संघास बक्षीस म्हणून बोकड देण्याचा प्रघात आहे. तीन ऑलिंपिक खेळलेला दिलीप तिर्की येथल्याच सौनामारा गावचा. १९७५ च्या विजयी संघातील मायकेल किंडो यांचे उत्तरायुष्यही राउरकेलातच गेले. याच शहरात, बिजू पटनायक तांत्रिक विद्यापीठाच्या आवारात, जानेवारी २०२३ मध्ये बिरसा मुंडा यांच्या नावाचे वीस हजारांवर आसनांचे हॉकी स्टेडियम उभे राहिले. केवळ हॉकीसाठी एवढी आसने असलेले मैदान जगात विरळाच.

आखणीचा आरंभ रस्त्यापासून न करता सामन्यांच्या कार्यक्रमापासून करावा. पहिल्यांदाच जाणारा माणूस बहुधा मोठ्या सामन्याच्या मोहात पडतो. उपान्त्यपूर्व किंवा अंतिम फेरीचे तिकीट काढून ठेवतो. परंतु त्या फेरीत आपला संघ पोहोचेलच याची हमी कोणी द्यावी? २०२३ च्या विश्वचषकाचे उदाहरण बोलके आहे. १३ जानेवारीला राउरकेला येथे भारताने स्पेनला २–० असे हरविले आणि १५ जानेवारीला तेथेच इंग्लंडशी गोलशून्य बरोबरी केली. पुढे भुवनेश्वर येथे २२ जानेवारीला न्यूझीलंडने शूटआउटमध्ये भारतास पराभूत केले आणि उपान्त्यपूर्व फेरीपूर्वीच यजमानांची वाट बंद झाली. ज्यांनी भारताच्या आशेवर पुढची तिकिटे घेतली होती, त्यांना परक्या संघांचा खेळ पाहण्यावाचून गत्यंतर उरले नाही. उलट साखळी फेरीतील दोन सामन्यांसाठी आलेल्या प्रेक्षकाने तीन दिवसांच्या मुक्कामात आपल्या संघास दोनदा पाहिले. तेव्हा पहिल्या प्रवासासाठी साखळीचा सामना निवडावा, आणि शक्य तर एकाच मैदानावरचे लागोपाठचे दोन. प्रो लीगचे सामनेही याच दृष्टीने सोयीचे असतात. मार्च २०२३ मध्ये आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते राउरकेलात झाले. मैदाने मात्र बदलू शकतात. म्हणून अधिकृत कार्यक्रम हाती येण्यापूर्वी रजेचा अर्ज आणि मुक्कामाचे आरक्षण करण्याची घाई करू नये. तो हाती आल्यावर मात्र एक दिवसही दवडू नये. राउरकेला काही यात्रेचे गाव नव्हे. सामन्याच्या आठवड्यात तेथील खोल्या लवकर भरतात.

आता रस्ता. नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी या मार्गाने महाराष्ट्राची सीमा ओलांडली की राजनांदगाव, दुर्ग आणि भिलाई लागतात आणि मग रायपूर येते. हे अंतर सुमारे २९० किलोमीटर. रायपूरनंतर महानदी ओलांडून सरायपाली, बरगढमार्गे संबलपूर गाठावयाचे, आणि तेथून उत्तरेस वळून झारसुगुडा व सुंदरगढवरून राउरकेला. एकंदर प्रवास ७०० किलोमीटरांहून थोडा अधिक भरतो. ही वाट मराठी माणसास इतिहासाच्या दृष्टीनेही अनोळखी नाही. १७५१ ते १८०३ या काळात ओरिसावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता.

नकाशावर पाहिले असता हा प्रवास एका दिवसाचा वाटतो, आणि येथेच खरा धोका आहे. मोबाइलमधील नकाशा जो वेळ सांगतो, तो न थांबणाऱ्या, न थकणाऱ्या चालकाचा असतो. वाटेतील जेवण, मुलांचे थांबे, मालमोटारींची रांग, हिवाळ्यातील पहाटेचे धुके यांचा हिशेब त्यात धरलेला नसतो. म्हणून मोटार चालविणारी माणसे दोन असतील, तर भल्या सकाळी निघून पहिल्या दिवशी संबलपूर गाठावे. दुसऱ्या दिवशीचा टप्पा मग अर्ध्या दिवसाचाच राहतो, आणि वाटेत हिराकुडचे १९५७ साली खुले झालेले विशाल धरणही पाहून होते. चालक एकच असेल, तर पहिला मुक्काम रायपुरासच करावा. दोन्ही प्रकारांत एक नियम मोडू नये: सामन्याचा दिवस हा प्रवासाचा दिवस असता कामा नये. टायर फुटला, पूल दुरुस्तीला निघाला, एखाद्यास ताप भरला, तर हाती असलेला तो मोकळा दिवसच सामना वाचवितो. ज्याच्याजवळ असा दिवस नसतो, तो हरवलेला वेळ वेगाने भरून काढू पाहतो. आणि रस्त्यावरचे पुष्कळसे अपघात अशा घाईतूनच जन्मास येतात.

खर्चाचा अंदाजही आधीच मांडावा. इंधन, पथकर, दोन बाजूंचे मुक्काम, जेवणखाण आणि तिकिटे यांची बेरीज करावी, आणि तिच्या एक-पंचमांश रक्कम वेगळी ठेवावी. तिकीट हा या यादीतील बहुधा सर्वांत लहान आकडा असतो, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे, मोटारीची व विम्याची कागदपत्रे, तपासलेले टायर आणि सुटे चाक हीही तयारी तिकिटाइतकीच महत्त्वाची.

मैदानात कोठे बसावे, याचाही विचार व्हावा. गोलामागची जागा पेनल्टी कॉर्नर पाहण्यास उत्तम. चेंडू बचावपटूंच्या काठ्यांमधून कसा सुटतो, ते तेथून दिसते. परंतु तेथून मैदानाची खोली कळत नाही. बाजूच्या सज्जात थोडे उंचावर, २३ मीटरच्या रेषेच्या समोर जागा मिळाली, तर नवख्या प्रेक्षकास ती अधिक लाभदायक ठरते. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. त्यामुळे अर्धा सामना आपल्या संघाची चढाई आणि उरलेला अर्धा त्याचा बचाव जवळून पाहावयास मिळतो. प्रत्यक्ष खेळ प्रत्येकी १५ मिनिटांच्या चार भागांचा, म्हणजे अवघ्या एका तासाचा. मधली विश्रांती आणि घड्याळ थांबण्याचे प्रसंग धरून सारे सुमारे दीड-पावणेदोन तासांत आटोपते. क्रिकेटप्रमाणे उशिरा येऊन चालण्याजोगा हा खेळ नव्हे. स्पेनविरुद्धच्या त्या सामन्यात पहिला गोल १२ व्या मिनिटास झाला. तो करणारा अमित रोहिदास हाही सौनामाऱ्याचाच, आणि आपल्याच जिल्ह्यातील माणसांसमोर त्याने तो केला. वाहनतळाच्या रांगेत पंधरा मिनिटे अधिक अडकलेल्या प्रेक्षकास त्या क्षणाची केवळ आरोळी ऐकू आली असती. म्हणून सामन्यापूर्वी निदान तासभर आसनावर असावे. त्या वेळेत मैदानावर पाणी मारले जाते, खेळाडू सराव करतात, गोलरक्षक फटके अडवीत असतो. हा सराव पाहणे हेही एक शिक्षणच होय.

सामना संध्याकाळचा असेल, तर तो संपल्याबरोबर परतीच्या वाटेस लागू नये. विजयाचा उन्माद असो वा पराभवाची खिन्नता असो, दोन्ही मनःस्थिती रात्रीच्या चालकास सारख्याच घातक. सकाळी गावाबाहेर वेदव्यास येथे शंख आणि कोयल या नद्यांचा संगम होऊन ब्राह्मणी नदी सुरू होते. ती पाहून शांतपणे निघावे.

एवढा खटाटोप करून संघ हरला तर काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. ती टाळण्याचा उपाय कोणत्याही आखणीत नाही. परंतु हॉकीला आज उणीव आहे ती टाळ्या वाजविणाऱ्यांपेक्षा जाणत्या प्रेक्षकांची. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हा खेळ कृत्रिम मैदानावर गेला. अशी मैदाने महाग. त्यामुळे पुष्कळ गावांतून खेळ नाहीसा झाला आणि त्याचबरोबर तो समजणारी माणसेही ओसरली. खडकीच्या वस्तीतून आलेल्या धनराज पिल्ले याने चार ऑलिंपिक गाजविली, परंतु त्याला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेले मराठी लोक किती निघतील? नागपूरहून गेलेल्या मोटारीत मागे बसलेली दहा-बारा वर्षांची मुलगी जेव्हा सुंदरगढच्या मुलांच्या शेजारी बसून सामना पाहते, तेव्हा निकाल काहीही लागो, घरी परतल्यावर ती काठी मागण्याचा संभव असतो. या प्रवासाचा खर्च मांडताना त्या काठीची किंमतही शेवटच्या ओळीत लिहून ठेवावी.