आकाशातील तासांचा विनिमय-दर

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९७७ साली राज्य शासनाने सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली. सेनादलांच्या अधिकारीवर्गात महाराष्ट्रातील तरुणांचे प्रमाण वाढावे, हा त्यामागील हेतू होता. दहावीनंतर निवडलेली मुले येथे अकरावी-बारावीबरोबरच खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची तयारी करतात आणि त्यांतील काही पुढे वायुदलात जातात. २०२१ ते २०२४ या काळात वायुदलप्रमुख असलेले विवेक राम चौधरी हे मूळचे नांदेड जिल्ह्यातील, ही गोष्ट मराठवाड्यात अभिमानाने सांगितली जाते. वर्दी अंगावर कशी चढेल याचा विचार असा घरोघरी होतो. ती उतरल्यावर काय, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

वस्तुतः हा प्रश्न किरकोळ नाही. वायुदलाच्या उड्डाण शाखेतील अल्पमुदतीची नेमणूक चौदा वर्षांची असते. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी दाखल झालेला अधिकारी छत्तिशीच्या आसपास बाहेर पडतो. निवृत्तिवेतनासाठी वीस वर्षांची सेवा लागते, त्यामुळे तेही त्याला मिळत नाही. मुले शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात. हाताशी भांडवल एकच, ते म्हणजे उड्डाणाच्या नोंदवहीत जमलेले तास. नागरी विमान कंपनीच्या दारात या भांडवलाची किंमत कशी ठरते, हे समजून घेतले पाहिजे.

नागरी विमानसेवेत तास हेच चलन आहे. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते आणि विमानाचा कप्तान होण्यासाठी जो वरिष्ठ परवाना आवश्यक असतो, त्यासाठी १,५०० तास. लष्करातील उड्डाणाचा अनुभव नागरी विमान महासंचालनालय ग्राह्य धरते. तथापि नागरी हवाई नियमांची परीक्षा, रेडिओ संभाषणाचा परवाना, वैद्यकीय तपासणी आणि विशिष्ट जातीच्या विमानाचे प्रशिक्षण यांतून कोणाचीही सुटका नसते. हेलिकॉप्टरचा परवाना तर विमानाच्या परवान्याहून स्वतंत्रच आहे. सियाचीनच्या हिमशिखरांवर हेलिकॉप्टर उतरवणाऱ्या अधिकाऱ्यालाही एअरबसच्या आसनावर बसण्यापूर्वी बऱ्याच गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात.

खरी गोम मात्र तासाच्या व्याख्येत आहे. नागरी नियमांनुसार विमान उड्डाणासाठी स्वतःच्या शक्तीने हलू लागले की उड्डाणकाल सुरू होतो आणि उतरून ते पूर्ण थांबले की संपतो. धावपट्टीपर्यंत जाण्याचा वेळही त्यात मोजला जातो. अनेक देशांच्या लष्करी नोंदवहीत मात्र चाके जमीन सोडतात तेथपासून ती पुन्हा टेकेपर्यंतचाच वेळ लिहिला जातो. म्हणूनच अमेरिकेतील काही विमान कंपन्या लष्करी वैमानिकाच्या प्रत्येक उड्डाणामागे साधारण १२ ते १८ मिनिटांची भर घालू देतात. लढाऊ विमानाचे उड्डाण बहुधा तासाभराचे असते. अशी हजार उड्डाणे केलेल्या अधिकाऱ्याच्या खाती या एका नियमाने २०० ते ३०० तास वाढतात.

अमेरिकेने याहीपुढचे पाऊल टाकले आहे. २००९ साली बफेलोजवळ झालेल्या अपघातानंतर तेथे प्रवासी विमानाच्या सहवैमानिकालाही १,५०० तासांची अट घालण्यात आली. परंतु २०१३ च्या नियमांत लष्करी वैमानिकांसाठी ती ७५० तासांवर आणली गेली. लष्करी प्रशिक्षणातील एक तास इतर तासांहून अधिक मोलाचा आहे, ही कबुलीच त्या देशाने दिली, असे म्हणावे लागेल.

याचा अर्थ आपल्याकडील सारी कडक तपासणी निरर्थक आहे, असा नव्हे. २०११ साली बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले वैमानिक उघडकीस आले, तेव्हा सारा देश हादरला होता. शिवाय एकट्याने लढाऊ विमान चालवणे आणि दीडशेहून अधिक प्रवासी पाठीशी घेऊन दोघांनी मिळून विमान चालवणे, ही वेगळी कौशल्ये आहेत. दीपक साठे यांनी वायुदल प्रबोधिनीत मानाची तलवार मिळवली होती. दीर्घ सेवेनंतर ते एअर इंडियात आले. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडच्या अपघातात त्यांचा, त्यांच्या सहवैमानिकाचा आणि प्रवाशांचा बळी गेला. पुन्हा वर जाण्याची सहवैमानिकाची सूचना पाळली गेली नाही, असे चौकशी अहवालाने नोंदवले. अनेक वर्षे नागरी विमाने चालवलेल्या माणसाच्या चुकीचे खापर त्याच्या लष्करी पूर्वायुष्यावर फोडणे अन्यायाचे ठरेल. परंतु दोन आसनांमधील संवादाला किती महत्त्व आहे, याचा धडा त्यातून सर्वांनीच घ्यायला हवा. तासांचे रूपांतर कागदावर होते, सवयींचे रूपांतर प्रशिक्षणातूनच होते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास आणखी एक गोष्ट दिसते. खासगी संस्थेत उड्डाण शिकायचे तर लाखो रुपये मोजावे लागतात आणि ते कारकुनाच्या वा शिक्षकाच्या मुलाच्या आवाक्यात नसतात. फी न भरता केवळ गुणवत्तेवर आकाशात जाण्याचा मार्ग त्याच्यासाठी बहुतांशी वर्दीतूनच जातो. त्याच्या प्रशिक्षणावर सरकार कोट्यवधी रुपये खर्च करते आणि तयार वैमानिक पुढे विमान कंपनीला मिळतो. अनुभवी वैमानिक गेल्याने वायुदलाला तोटा होतो, ही तक्रार रास्तच आहे. पण मुदत पूर्ण केलेल्या माणसाला कागदपत्रांच्या फेऱ्यांत महिनोन्महिने रिकामे बसवल्याने वायुदलाचा काही लाभ होतो, असे नव्हे. तो तोटा केवळ त्याच्या कुटुंबाचा आणि देशाचा.

देशाचा असे म्हणण्याचे कारण उघड आहे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम नोव्हेंबर २०२५ पासून पूर्णत्वाने लागू झाले आणि पुढच्याच महिन्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. विमाने उधारीवर आणता येतात, अनुभवी वैमानिक रातोरात आणता येत नाहीत.

उपाय अवघड नाहीत. लष्करी तासांच्या रूपांतराचे एकच स्पष्ट कोष्टक प्रसिद्ध करावे. सेवेच्या अखेरच्या वर्षातच नागरी परीक्षा देण्याची सोय व्हावी. वायुदलाने प्रमाणित केलेली नोंद महासंचालनालयाने ठरावीक मुदतीत तपासावी. सरकारी खर्चाने तयार झालेला वैमानिक घेणाऱ्या कंपन्यांनी त्याच्या पुनर्प्रशिक्षणाचा भार उचलावा. सुरक्षिततेचा निकष यातून तसूभरही सैल होत नाही. होते ती केवळ दिरंगाई कमी.

या शहरातील वसतिगृहात आज पहाटे धावण्याचा सराव करणाऱ्या मुलाला चौदा वर्षांच्या सेवेचा करार समजावून सांगितला जाईल. पंधराव्या वर्षी त्याच्या तासांचे मोल काय राहील, हेही त्याला त्याच वेळी सांगता आले पाहिजे.