जमिनीवरून आणि पाण्यावरून पृथ्वीप्रदक्षिणा

विमानात पाऊल न ठेवता पृथ्वीला फेरी मारायची आणि ती हकिगत वाचकाला हसवत सांगायची, हा प्रवासलेखनाचा एक वेगळाच प्रकार आहे. त्याचा जन्म विमानाच्या आधीचा. १८६९-७० मध्ये वर्षभराच्या आत तीन दुवे जुळले. १० मे १८६९ रोजी अमेरिकेत प्रॉमन्टरी इथे पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे रूळ एकमेकांना भिडले. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि युरोपात बोटीवर चढलेला माणूस थेट मुंबईला उतरू लागला. मार्च १८७० मध्ये जबलपूरला ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) आणि ईस्ट इंडियन या दोन रेल्वे जोडल्या गेल्या आणि मुंबई ते कलकत्ता सलग लोहमार्ग झाला. एरवी वर्ष-दोन वर्षे खाणारी पृथ्वीप्रदक्षिणा आता तीन महिन्यांच्या आत येत होती.

ज्यूल व्हर्नने हे हेरले. ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’ ही त्याची कादंबरी १८७२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पॅरिसच्या ‘ल तां’ या दैनिकात क्रमशः आली. लंडनच्या रिफॉर्म क्लबातला काटेकोर फिलिअस फॉग वीस हजार पौंडांची पैज लावून २ ऑक्टोबर १८७२ च्या रात्री निघतो. सोबत पासपार्टू नावाचा फ्रेंच नोकर, मागावर फिक्स नावाचा गुप्तहेर. पुढे या प्रकारात जेवढा विनोद झाला त्याचा मूळ साचा या कादंबरीतच आहे: एका बाजूला वेळापत्रक, दुसऱ्या बाजूला जग. फॉगकडे प्रत्येक बोटीची, प्रत्येक गाडीची वेळ लिहिलेली असते. वाटेत भेटणाऱ्या माणसांना त्या कागदाशी काही देणेघेणे नसते.

मुंबईचा भाग याचा उत्तम नमुना आहे. बोट दोन दिवस आधी पोहोचते. फॉग शहराकडे ढुंकूनही पाहत नाही. पासपार्टू मात्र मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो, पुजाऱ्यांचा मार खातो आणि अनवाणी पळत कशीबशी गाडी गाठतो. कल्याणवरून घाट चढून गाडी खानदेशातून बऱ्हाणपूरला येते, तेव्हा खोट्या मोत्यांनी सजवलेल्या सपाता विकत घेऊन तो पाय झाकतो. मलबार हिलवर राहिलेले बूट पुढे कलकत्त्याच्या कोर्टात पुरावा म्हणून समोर येतात आणि मालक-नोकरांना दोन हजार पौंडांचा जामीन भरावा लागतो. मध्ये आणखी एक घोळ होतो: रूळ अलाहाबादच्या अलीकडेच संपतात, पुढचा पन्नास मैलांचा तुकडा व्हायचाच असतो. फॉग दोन हजार पौंड मोजून हत्ती विकत घेतो. खरे तर १८७२ मध्ये तिथून गाड्या धावू लागून अडीच वर्षे झाली होती, पण व्हर्नने सत्यापेक्षा हत्ती पसंत केला आणि तो निर्णय योग्यच होता. कथेचा जीव त्या तुटलेल्या रुळांत आहे. फॉगने फुग्यातून प्रवास केला अशी अनेकांची समजूत आहे. मूळ कादंबरीत फुगा नाही, तो १९५६ च्या चित्रपटातून आला.

कादंबरीचा शेवट भूगोलावर उभा आहे. पूर्वेकडे जाताना दर रेखांशाला सूर्य चार मिनिटे लवकर डोक्यावर येतो. ३६० रेखांश ओलांडले की चोवीस तास होतात. फॉगने ऐंशी सूर्योदय मोजले, तेवढ्यात लंडनमध्ये एकोणऐंशीच झाले. पासपार्टू सबंध प्रवासात घड्याळ लंडनच्या वेळेवरच ठेवण्याचा हट्ट धरतो. त्याचा वेडेपणा वाटणारी ही गोष्ट वाचकाला आधीपासून देऊन ठेवलेली किल्लीच असते.

या कल्पित प्रवासाला खऱ्याने मागे टाकले ते सतरा वर्षांनी. न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या दैनिकाची वार्ताहर नेली ब्लाय १४ नोव्हेंबर १८८९ रोजी बोटीवर चढली. अंगावर एकच पोशाख, हातात एकच छोटी बॅग. तिच्या लेखनात ही बॅग हे जवळजवळ एक पात्र आहे. तिच्यात कोल्ड क्रीमची एक बरणी होती आणि ती सामावून घेता घेता बाकीच्या वस्तूंची कशी दाटी झाली, हे ब्लाय मनापासून वैतागून सांगते. वाट थोडी वाकडी करून ती फ्रान्समध्ये आमियां इथे खुद्द व्हर्नला भेटली. कोलंबोला पुढच्या बोटीची वाट पाहत तिला पाच दिवस काढावे लागले. सिंगापूरला तिने माकड विकत घेतले आणि ते पॅसिफिक पार करून घरी नेले.

हाँगकाँगला तिला वेगळाच धक्का बसला. बोट कंपनीच्या कचेरीत चौकशी करताना कळले की आणखी एक बाई तिच्याशी शर्यत करते आहे आणि ती तीन दिवसांपूर्वी इथून पुढे गेलीसुद्धा. ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकाने एलिझाबेथ बिसलंडला ब्लाय निघाली त्याच दिवशी उलट्या दिशेने, पश्चिमेकडे धाडले होते. ब्लायला याचा पत्ताच नव्हता. अर्धे जग पालथे घातल्यावर आपण शर्यतीत आहोत हे कळणे, यापेक्षा चांगला विनोदी प्रसंग कादंबरीकारालाही सुचला नसता. शेवटी बिसलंडची युरोपातली जलद बोट चुकली. ब्लाय २५ जानेवारी १८९० रोजी ७२ दिवसांत परतली, बिसलंड ७६ दिवसांत.

याच काळात एका मराठी लेखिकेची पृथ्वीप्रदक्षिणाही पूर्ण झाली होती, मात्र तिने दिवस मोजले नव्हते. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, १८८६ मध्ये तिथून अमेरिकेला, आणि १८८८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिकमार्गे जपान आणि हाँगकाँग करत फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईला उतरल्या. नेली ब्लाय निघाली त्याच्या नऊ महिने आधी. त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक विनोदी नाही, त्यांचा हेतूच वेगळा होता. पण जगाला फेरी मारणाऱ्या सुरुवातीच्या स्त्रियांची नावे घेताना रमाबाईंचे नाव गाळणे हा अन्याय आहे.

विनोदाच्या दृष्टीने या परंपरेतले सर्वांत समृद्ध पुस्तक मार्क ट्वेनचे. त्यामागचे कारण मात्र दुःखद. १८९४ मध्ये त्याची प्रकाशनसंस्था बुडाली, अक्षरजुळणीच्या एका यंत्रात घातलेले पैसे गेले, आणि सुमारे एक लाख डॉलरचे देणे डोक्यावर आले. कायद्याने सुटका करून घेता आली असती. त्याने पै न् पै फेडायचे ठरवले आणि साठीला टेकलेला असताना, जुलै १८९५ मध्ये, पत्नी ऑलिव्हिया आणि मुलगी क्लारा यांना घेऊन तो जगभर व्याख्याने देत निघाला. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ (१८९७) हे पुस्तक त्या वर्षभराच्या फेरीतून आले.

ट्वेन पश्चिमेकडे चालला होता, म्हणजे फॉगच्या उलट. फॉगला एक दिवस मिळाला, ट्वेनचा एक गेला. ८ सप्टेंबर १८९५ ला, रविवारी, त्याची बोट १८० रेखांशाजवळ आली आणि पाठोपाठ मंगळवार उजाडला. बोटीच्या मागच्या टोकाला बसलेल्या कुटुंबाकडे अजून रविवार आहे आणि पुढच्या टोकाला आपल्याकडे मंगळवार, असे चित्र तो रंगवतो. त्याच सुमारास बोटीवर जन्मलेल्या एका मुलाची तो काळजी करतो: या बिचाऱ्याला आपला वाढदिवस कधीच नक्की सांगता येणार नाही. खगोलातली कोरडी गोष्ट त्याने एका तान्ह्या मुलाच्या डोक्यावर ठेवली, आणि ती कायमची लक्षात राहिली.

जानेवारी १८९६ मध्ये तो कोलंबोहून मुंबईला आला आणि काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात उतरला. ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची ही इमारत आज एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाते. ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली तीही इथेच, त्याच वर्षी जुलैमध्ये. ट्वेनला खोकल्याने घेरले होते, त्यामुळे बरेच दिवस खोलीत काढावे लागले. घाईचा प्रवासी या दिवसांवर फुली मारेल. ट्वेन सज्ज्यात बसून कावळे पाहत राहिला. कठड्यावर जमून आपल्याकडे टक लावणारे, आपला पोशाख, चेहरा, गावात येण्याचे कारण आणि चारित्र्य यांवर आपसांत चर्चा करणारे ते कावळे त्याने असे उतरवले आहेत की मुंबईच्या माणसाने आजही खिडकीकडे पाहून मान डोलवावी. इथे विनोदाचा विषय कावळे नाहीत, कावळ्यांच्या नजरेखाली अवघडलेला जगप्रसिद्ध लेखक आहे. परक्या मुलखातल्या माणसांवर हसण्याची युरोपीय सवय त्या काळी फोफावलेली होती. ट्वेनही तिच्यातून पूर्ण सुटलेला नाही. पण त्याची उत्तम पाने तीच आहेत, जिथे तो स्वतःला पाहुणा म्हणून पाहतो.

मुंबई-पुण्यात व्याख्याने करून तो बडोदा, अलाहाबाद, बनारस, कलकत्ता असा दार्जिलिंगला पोहोचला. परतताना डोंगरउतारावर पस्तीस मैल तो इंजिनाशिवाय, उघड्या ढकलगाडीतून घरंगळत आला. आयुष्यातल्या सर्वांत आनंदाच्या दिवसांत त्याने हा दिवस मोजला आहे. इंग्लंडला पोहोचल्यावर काही आठवड्यांतच, ऑगस्ट १८९६ मध्ये, अमेरिकेत राहिलेली त्याची मोठी मुलगी सूझी वारली. या हसऱ्या पुस्तकाचे लेखन त्या दुःखात झाले. १८९८ पर्यंत कर्ज पूर्ण फिटले.

विसाव्या शतकात विमाने आली आणि १९५८ मध्ये जेट विमाने अटलांटिक पार करू लागल्यावर प्रवासी बोटींचा धंदा झपाट्याने बसला. त्यामुळे १९८८ मध्ये बीबीसीने फॉगच्या मार्गाने पुन्हा, विमान वर्ज्य करून, जायचे ठरवले तेव्हा अडचण नव्या स्वरूपात उभी राहिली: शंभर वर्षांपूर्वी सहज मिळणाऱ्या बोटी आता अस्तित्वातच नव्हत्या. या फेरीवर गेला मॉन्टी पायथन या विनोदी चमूतला मायकेल पेलिन. २५ सप्टेंबर १९८८ रोजी तो रिफॉर्म क्लबपासून निघाला. कॅमेऱ्याच्या तुकडीला त्याने पासपार्टू हेच नाव दिले.

या प्रवासाचे काळीज दुबई ते मुंबई या टप्प्यात आहे. प्रवासी बोट नाही म्हणून पेलिन ‘अल शर्मा’ नावाच्या मालवाहू गलबतावर चढला. त्यावरचे अठरा खलाशी गुजराती होते. जवळपास आठवडाभर उघड्या डेकवर झोपायचे, खलाशांच्या हातचे जेवायचे आणि शौचाला गलबताच्या कडेला समुद्रावर टांगलेल्या लाकडी पेटीत जायचे. त्यातच त्याचे पोट बिघडले. भाषा एकमेकांना कळत नव्हती. एका वयस्क खलाशाच्या कानाला त्याने आपल्या वॉकमनवर ब्रूस स्प्रिंगस्टीनची गाणी लावून दिली, तो क्षण मालिकेतल्या सर्वांत प्रेमळ क्षणांपैकी आहे. तोवर पेलिन थोडा अवघडलेला सूत्रसंचालक असतो. गलबतावर त्याची सगळी मदार या अठरा जणांवर येते आणि मुंबईत त्यांचा निरोप घेताना त्याला खरोखर जड जाते. वीस वर्षांनी तो त्यांना शोधत कच्छला गेला.

मुंबईच्या रस्त्यावर त्याने दाढी करून घेतली ती एका अंध न्हाव्याकडून. वस्तरा गळ्यावर असताना पेलिनच्या चेहऱ्यावरची भीती आणि न्हाव्याच्या हातांतली निश्चिंती, असा तो प्रसंग आहे. पुढे रेल्वेने मद्रास, युगोस्लाव्ह मालवाहू जहाजाने सिंगापूर, मग हाँगकाँग, शांघाय, जपान. पॅसिफिकवर कंटेनर जहाजाने अकरा दिवस. फॉगसारखाच पूर्वेकडे जात असल्याने तो एकच तारीख दोनदा जगला. ऐंशी दिवस संपायच्या आत तो लंडनला पोहोचला खरा, पण रिफॉर्म क्लबाने आत चित्रीकरणाला परवानगी दिली नाही आणि जगाची फेरी क्लबाच्या पायऱ्यांवर संपली.

मालवाहू जहाजांच्या या वाटेमागे एक नियम आहे. आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारानुसार बारापेक्षा जास्त प्रवासी असले की ते प्रवासी जहाज ठरते आणि त्याला कितीतरी कडक अटी लागू होतात. म्हणून कंटेनर जहाजे प्रवासी घेत ते बारापर्यंतच. निघण्याचा दिवस माल ठरवतो, प्रवासी नाही. बंदरही शहरापासून लांब असते. जमिनीवर मुख्य आधार ट्रान्स-सायबेरियन रेल्वेचा: मॉस्को ते व्लादिवोस्तोक ९,२८९ किलोमीटर, जवळजवळ सात दिवस आणि आठ कालपट्टे. २०१८ पर्यंत या मार्गावरच्या सगळ्या स्टेशनांची घड्याळे मॉस्कोची वेळ दाखवत, त्यामुळे बाहेर सूर्य मावळताना फलाटावर दुपार असे. रशियाचे रूळ १,५२० मिलिमीटर रुंद आणि चीनचे १,४३५, म्हणून सीमेवर डबे उचलून त्यांच्या चाकांचे सांगाडे बदलावे लागतात, आणि प्रवासी तासन् तास खोळंबतात. अमेरिका खंडांना जोडणारा महामार्ग पनामा आणि कोलंबियाच्या सीमेवर दारिएनच्या जंगलात तुटतो. सुमारे शंभर किलोमीटर रस्ताच नाही.

अलीकडच्या काळात काहींनी फेरीच्या पुढे जाऊन प्रत्येक देश गाठण्याचा ध्यास घेतला. लिव्हरपूलचा ग्रॅहम ह्यूज १ जानेवारी २००९ ला निघाला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये दक्षिण सुदानला पोहोचला. वाटेत मासेमारी होडीतून केप व्हर्दे बेटांवर उतरल्याबद्दल त्याला कोठडीही भोगावी लागली. डेन्मार्कचा थोर पेडरसन १० ऑक्टोबर २०१३ रोजी निघाला. दिवसाला सरासरी वीस डॉलर खर्च, प्रत्येक देशात किमान चोवीस तास, आणि शेवटपर्यंत घरी परतायचे नाही, हे त्याचे नियम. नऊ देश उरले असताना करोना आला आणि हाँगकाँगला चार दिवसांसाठी उतरलेला पेडरसन तिथे दोन वर्षे अडकला. २३ मे २०२३ रोजी मालदीव हा २०३ वा देश करून तो जुलैमध्ये कंटेनर जहाजाने डेन्मार्कला परतला.

आज हा प्रवास पेलिनच्या काळापेक्षाही अवघड आहे. करोनात कंटेनर जहाजांनी प्रवासी घेणे थांबवले आणि बहुतेकांनी ते पुन्हा सुरू केलेले नाही. हेलसिंकी ते सेंट पीटर्सबर्ग ही रेल्वे मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे बंद पडली. भारत-पाकिस्तान समझौता एक्सप्रेस ऑगस्ट २०१९ पासून बंद आहे, त्यामुळे भारतातून पश्चिमेकडे जाणारी रेल्वेची वाटच खुंटली. मुंबईहून आखातात जाणारी नियमित प्रवासी बोट नाही. अटलांटिकवर मात्र ‘क्वीन मेरी २’ साउदम्प्टन आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये सात रात्रींत फेरी करते. पॅसिफिकला तसा पर्याय नाही. तिथे हंगाम बदलताना एका किनाऱ्यावरून दुसऱ्याकडे हलवल्या जाणाऱ्या क्रूझ जहाजांवर जागा धरावी लागते, आणि ती जहाजे वर्षातून काही आठवडेच जातात.