सोलापूरच्या घरात परदेशी लेकरू

व्यवस्था कशी असते

रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमात साधारण १५ ते १९ वयाची मुलं शाळेच्या एका वर्षासाठी दुसऱ्या देशात जातात आणि तिथल्या कुटुंबांत राहतात. वर्षभरात सहसा एकाहून अधिक घरं होतात. यजमानांना याचे पैसे मिळत नाहीत. घर बदलणं मुलाला जड जातं खरं, पण सोलापुरात ते फार फळतं, कारण इथे पेठ बदलली की बोली आणि सणही बदलतात.

पहिला महिना स्वयंपाकघरात

पाहुण्याला कामाला हातही लावू द्यायचा नाही, हा आपला संस्कार. वर्षभर राहणारं मूल मात्र त्यानं एकटं पडतं. त्याला पहिल्याच आठवड्यात काम सांगावं: ताटं घेणं, शेंगा सोलणं, चटणी तेल सुटेपर्यंत कुटणं. कडक भाकरी आमटीत कशी कुस्करायची हे शेजारी मांडी घालून बसल्यावरच कळतं. तिखटाची सवय हळूहळू लावावी, दह्याची वाटी जवळ असू द्यावी. काकू, आजी, दादा या हाका पहिल्या दिवसापासून.

कोणती भाषा बोलावी

घरात मराठी, शेजारी कन्नड, पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांकडे तेलुगू, बाजारात दखनी. घरच्यांनी मुलाशी हट्टानं आपल्याच भाषेत बोलावं, असं मला मनापासून वाटतं. त्याचं उदाहरण सोलापुरातच आहे: १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चिनी शिकले आणि त्याच भाषेत तिथल्या लोकांत वावरले.

रथोत्सव आणि गड्डा

ऑगस्टच्या सुमारास आलेल्या मुलाला बहुधा नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव लगेच भेटतो. खरी ओळख होते ती संक्रांतीला, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत. बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात. आधी ६८ लिंगांना तैलाभिषेक, मग संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, पुढे होम आणि शोभेचं दारूकाम. उंच, जड नंदीध्वज पेलायचा सराव आधीपासून चालतो. मुलाला तो पाहायला जरूर न्यावं. ते पेलणाऱ्यांची मेहनत पाहिली की मिरवणुकीत कुणाकडे बघायचं, हे त्याला उमगतं. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी त्याच्याच हातून थापून घ्यावी, वेडीवाकडी झाली तरी. त्याला यात्रेसाठी पारंपरिक पांढरी बाराबंदी घालायची असेल, तर शिंप्याकडे माप दिवाळीनंतर लगेच द्यावं.