हॅम रेडिओ: बटणांचा घ्यावा की कॉम्प्युटरवर चालणारा?



आपल्यापैकी बऱ्याच जणांनी इंजिनीअरिंगला असताना हॅम रेडिओचे नाव ऐकलेले असते. पुढे नोकरी, व्हिसा, हप्ते यांत ती हौस मागे पडते आणि इथे आखातात जरा स्थिरावल्यावर पुन्हा डोके वर काढते. मग पहिला प्रश्न पडतो तो ट्रान्सीव्हरचा, म्हणजे पाठवणे आणि ऐकणे दोन्ही करणाऱ्या डब्याचा. समोर मोठा डायल आणि बटणे असलेला पारंपरिक सेट घ्यावा, की कॉम्प्युटरला जोडून माउसने चालवायचा?

आम्हा आयटीवाल्यांचा ओढा साहजिकच दुसऱ्याकडे. मोहात पडावे असेच ते प्रकरण आहे! अँटेनावर आलेल्या लहरींचे आकडे करायचे आणि पुढचे सगळे गणिताने करायचे. अख्खा बँड पडद्यावर धबधब्यासारखा सरकत असतो. कोण कुठे बोलतो आहे ते डोळ्यांना दिसते, तिथे क्लिक केले की ऐकू येते.

पण सॉफ्टवेअर आता दोन्हीकडे शिरले आहे. २०१६ साली आलेला आयकॉमचा आयसी-७३०० आतून पूर्णपणे सॉफ्टवेअर रेडिओच आहे, बाहेरून मात्र डायल, बटणे आणि छोटा पडदा. त्याला कॉम्प्युटर लागत नाही. म्हणून दुकानदाराला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: कॉम्प्युटर बंद पडला तर हा सेट चालेल का?

फ्लेक्सरेडिओचा फ्लेक्स-५००० बघा. २००७ चा हा सेट त्या काळी फार नावाजला गेला. तो कॉम्प्युटरला फायरवायरने जोडावा लागे. आजच्या लॅपटॉपवर ते पोर्ट शोधून सापडत नाही, त्यामुळे सेट धडधाकट असूनही त्याच्यासाठी जुना पीसी आणि जुने ड्रायव्हर सांभाळत बसावे लागते. उलट १९७० च्या दशकातला याएसू एफटी-१०१ हौशी मंडळी आजही दुरुस्त करून वापरतात. कंपनीने मात्र नंतरच्या ६००० मालिकेत बरेच काम डब्यातच आणले आणि जोडणी साध्या लॅन केबलने केली, हेही सांगायला हवे.

हे महत्त्वाचे का? डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅम मंडळींचा एक चमू पोर्ट ब्लेअरला हौसेने गेला होता. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले आणि त्याच सेटवरून बेटांवरच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळू लागली. अशा वेळी जितक्या कमी वस्तूंवर सेट अवलंबून, तितके बरे. १०० वॅटचा नेहमीचा सेट १३.८ व्होल्टवर चालतो. ऐकताना साधारण १ अँपिअर घेतो, बोलताना २० च्या आसपास. मोटारीच्या बॅटरीवर काम भागते. त्यात लॅपटॉप आला की त्याची वेगळी बॅटरी, वेगळा चार्जर, आणि तो चार्जर रेडिओत खरखर करतो ती निराळीच.

आता दुसरी बाजू. आपण राहतो फ्लॅटमध्ये. गच्चीवर अँटेना लावू देणारी बिल्डिंग मिळणे कठीण, आणि एसी, एलईडी दिवे यांचा गोंगाट चोवीस तास. इथे नेटवर्कवर चालणारा सेट बाजी मारतो. रेडिओ आणि अँटेना अल ऐनला मित्राच्या व्हिलावर ठेवा आणि दुबईतून लॅपटॉपवर चालवा. फक्त परवान्यात असे दुरून चालवणे बसते का, ते आधी विचारा.

क्यूओ-१०० या उपग्रहासाठीही कॉम्प्युटरवाल्यांचेच पारडे जड. नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडलेल्या कतारच्या एस्हेल-२ वरचा हा हॅम ट्रान्सपाँडर एका जागी स्थिर असतो. दुबईतून तो नैर्ऋत्येला साधारण ४५ अंशांवर आहे, आणि मुंबई-पुणेही त्याच्या टापूत येतात. छोटी डिश आणि स्वस्त एसडीआर एवढ्यावर तो ऐकता येतो.

राहिले एफटी८ सारखे डिजिटल प्रकार. त्यांना कॉम्प्युटर लागतोच, पण बटणांच्या सेटला एक यूएसबी केबल लावली की झाले. म्हणून माझे मत असे: पहिला सेट स्वतःच्या डायलवर चालणारा घ्या. संपूर्ण कॉम्प्युटरवाला दुसरा घ्या, किंवा अँटेना घरापासून लांबच असेल तर पहिला.

खरेदीआधी परवाना! इथे तो टीडीआरएकडून मिळतो. भारतातल्या व्हीयू परवान्यावर इथे बोलता येईल असे गृहीत धरू नका आणि सामानातून सेट आणण्याआधी चौकशी करा. सेट भारतात परत नेतानाही डब्ल्यूपीसीचा परवाना हाताशी हवा. एमिरेट्स अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ही इथली संस्था, तिच्याकडे विचारणा करता येईल. तोवर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर ब्राउझरमध्ये उघडा. तो फुकट आहे, आणि धबधबा कसा दिसतो ते मुलांनाही दाखवता येईल.